ज्याला सगळे जमते, त्याने कुठे उभे राहावे?

माझा भाचा मेलबर्नला राहतो. लहानपणीच आईवडिलांबरोबर तिकडे गेला. घरात मराठी बोलतो, बहिणीच्या हातची बिर्याणी लागते, ईदला न चुकता फोन करतो. पण मार्च ते सप्टेंबर या महिन्यांत त्याच्याशी कुठल्याही विषयावर बोलायला सुरुवात करा, गाडी फुटीवर जाते. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तो कॉलिंगवूडचा पाठीराखा आहे. पाठीराखा हा शब्दही तोकडाच आहे, कारण संघ हरला की त्या दिवशी तो जेवत नाही.

२०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या, जाणेयेणे थांबले होते. आमच्या गप्पा फोनवरच. एका शनिवारी त्याचा आवाज चढलेला होता. "मामू, मूरला पुढे पाठवलं! बरं केलं ना?" मला मूर कोण, पुढे म्हणजे कुठे, काहीच कळेना. पण तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. आज माझे मत पक्के झाले आहे आणि ते भाच्याच्या अगदी उलट आहे. म्हणून हा लेख.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान लंबगोल, क्रिकेटचे असते तसे. बहुतेक सामने क्रिकेटच्याच मैदानांवर होतात. एका बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर गोल, त्याचे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर १ गुण, त्याला 'बिहाइंड' म्हणतात. किमान १५ मीटर लांबून आलेली किक हवेत स्वच्छ झेलली की ती 'मार्क'. मग झेलणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही, तो शांतपणे पुढची किक मारतो. या खेळात ऑफसाइड नाही. कोणीही कुठेही धावू शकतो. तरी ढोबळमानाने सहा जण पुढे, सहा मध्ये आणि सहा मागे. २०१९ पासून तर मधोमध चेंडू आपटून खेळ सुरू होताना सहा-सहा-सहा अशी मांडणी सक्तीचीच झाली आहे. पुढचे सहा गोल करतात, मागचे सहा गोल होऊ देत नाहीत. ज्याला दोन्ही जमते त्याला तिकडे 'स्विंगमन' म्हणतात. आपल्या भाषेत अष्टपैलू म्हणू.

डार्सी मूर हा तसा खेळाडू. उंची दोन मीटरच्या वर आणि इतक्या उंच माणसाला न शोभणारा वेग. वडील पीटर मूर याच क्लबचे कर्णधार होते. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक त्यांनी १९७९ आणि १९८४ असे दोनदा मिळवले. माजी खेळाडूच्या मुलाला त्याच क्लबने घेण्याची तिकडे सोय आहे, त्या नियमाने २०१४ च्या निवडीत कॉलिंगवूडने डार्सीला घेतले. तो आला तो फॉरवर्ड म्हणून. गोल करायचा, उंच उडून मार्क घ्यायचा. पण दुखापतींनी त्याला सतावले आणि खेळात सातत्य येईना. मग त्याला मागे नेले. तिथे त्याचा खेळ एकदम उमलला. २०२० मध्ये लीगच्या सर्वोत्तम संघात, म्हणजे 'ऑल-ऑस्ट्रेलियन' संघात, बचावपटू म्हणून त्याची निवड झाली.

आणि लगेच पुढच्या हंगामात, २०२१ मध्ये, काही सामन्यांत त्याला पुन्हा पुढे पाठवले गेले.

का पाठवले ते समजण्यासारखे आहे. २०२० च्या शेवटी पगाराच्या मर्यादेमुळे कॉलिंगवूडला चांगले खेळाडू सोडावे लागले. ॲडम ट्रेलोर गेला, जेडन स्टीफन्सन गेला, टॉम फिलिप्स गेला. गोल होईनात. अशा वेळी प्रशिक्षकाची नजर फिरत फिरत अशाच माणसावर थांबते, जो उंच आहे, ज्याने पूर्वी गोल केलेले आहेत आणि जो हाताशी आहे. भाच्याचे म्हणणे हेच होते: "मामू, गोल केल्याशिवाय कोणी जिंकतं का?"

प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्यात एक चूक आहे. गोल करणे आणि गोल अडवणे यांची किंमत फलकावर वेगळी दिसते, हिशेबात ती सारखीच असते. केलेला गोल ६ गुणांचा आणि अडवलेला गोलही ६ गुणांचा. फरक एवढाच की केलेल्या गोलासमोर करणाऱ्याचे नाव लागते. अडवलेला गोल कुठेच लिहिला जात नाही, कारण तो झालेलाच नसतो.

दुसरी गोष्ट. फॉरवर्ड कितीही चांगला असला तरी त्याचे पोट दुसऱ्याच्या किकवर चालते. मधल्या फळीकडून चेंडू नीट आला तर तो राजा. तोच चेंडू घाईघाईने, उंच, तीन विरोधकांच्या डोक्यावर येऊन पडला तर उंचीचा आणि वेगाचा काय उपयोग? त्या वर्षी कॉलिंगवूडचे दुखणे फक्त पुढच्या फळीत नव्हते, चेंडू पुढे नेणाऱ्यांतही होते. विहिरीत पाणी नसताना रहाट बदलून काय होणार?

मागे उभ्या राहणाऱ्याचे तसे नसते. एका सामन्यात साधारण ५० वेळा विरोधी संघ तुमच्या ५० मीटरच्या रेषेच्या आत चेंडू आणतो. म्हणजे मूरकडे काम चालून येते, त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही. समोर सगळे मैदान पसरलेले असते. किक मारणाऱ्याचा पाय उठायच्या आधी तो ओळखतो की चेंडू कुठे पडणार आहे. आपला माणूस सोडून तो तिकडे धावतो आणि दुसऱ्यासाठी मारलेली किक स्वतः झेलतो. विरोधकांचा हल्ला तिथेच संपतो आणि त्याच क्षणी आपला सुरू होतो. अशा माणसाला नुसता बचावपटू म्हणणेही अपुरे आहे.

आपल्या वाचकांपैकी काहींना बाशर हौली हे नाव ठाऊक असेल. रोजे-नमाज पाळून या लीगमध्ये खेळणारा पहिला खेळाडू म्हणून त्याचे नाव इथपर्यंत पोहोचले. पण खेळाडू म्हणून त्याची खरी कमाई निराळी आहे. रिचमंडने २०१७, २०१९ आणि २०२० अशी तीन विजेतेपदे मिळवली, त्या तिन्ही संघांत तो होता. मागून चेंडू घेऊन बाहेर पडणे आणि डाव्या पायाने नेमकी किक मारणे हे त्याचे काम. २०१९ मध्ये तोही ऑल-ऑस्ट्रेलियन झाला. त्याच्या नावावर गोल थोडेच आहेत. रिचमंडच्या गोलांची सुरुवात किती वेळा त्याच्या पायापासून झाली, हे मोजायला मात्र सामना पुन्हा पाहावा लागतो.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कोणी विचारील, मूरला फॉरवर्डचा बचावपटू केला तेव्हा तुम्हाला चालले, मग बचावपटूचा फॉरवर्ड केला तर का चालत नाही? फ्रीमँटलचा मॅथ्यू पाव्लिच पुढे, मध्ये आणि मागे अशा तिन्ही जागांवर ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडला गेला आणि कारकिर्दीत ७०० गोल करून निवृत्त झाला. एसेंडनचा मायकल हर्ली आधी पुढे खेळत होता. मागे गेला आणि २०१५ व २०१७ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन झाला. खुद्द पीटर मूर पुढच्या फळीत गोल करत होते आणि मोठे झाले ते रकमन म्हणून. जागा बदलल्याने माणूस बिघडतो असे कुठे आहे?

मान्य. जागा बदलण्याला माझा विरोध नाहीच. बदल कोणाच्या गरजेपोटी होतो आणि त्याला किती वेळ मिळतो, हे मी पाहतो. या खेळाडूंना नवी जागा मिळाली तेव्हा ती त्यांची म्हणून मिळाली. तिथे चुका करायला, शिकायला हंगाम मिळाले. मूरला मागे नेले तेव्हाही तसेच झाले. २०२१ ची गोष्ट वेगळी होती. तिथे भोक पडले होते म्हणून इथले कापड फाडून ठिगळ लावले गेले. आणि एक माणूस काढला की फळीतल्या सगळ्यांची कामे बदलतात. दुसऱ्या क्रमांकाच्या बचावपटूला आता समोरच्या संघाचा सर्वांत तगडा फॉरवर्ड सांभाळावा लागतो, तिसऱ्याला दुसरा. एक भोक बुजवताना दोन पडतात.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितो आहे, ते सांगायला हवे. मी शाळेत गणित शिकवत होतो. वाचनाची आवड असल्याने भूगोलाचे, मराठीचे तासही बरे घ्यायचो. कोणी रजेवर गेले की निरोप माझ्याकडे यायचा. "सर, तुम्हाला काय, सगळंच येतं." मला त्याचा अभिमान वाटायचा. एका वर्षी तर अर्धे वर्ष मी भूगोलच शिकवला आणि माझी दहावीची तुकडी दुसऱ्याकडे गेली. भूगोलाचा निकाल होता तेवढाच राहिला. गणितात मात्र माझी सहा मुले नापास झाली. त्यांतला एक मुलगा पुढे शिकलाच नाही. तो आता बाजारात भेटतो, सलाम करतो, आणि मला त्याच्याकडे नीट बघवत नाही. मुख्याध्यापक वाईट नव्हते. रिकामा वर्ग त्यांना दिसत होता, भरलेल्या वर्गातून काय जाते आहे ते दिसत नव्हते. आणि मीही नाही म्हणालो नाही.

२०२१ मध्ये कॉलिंगवूड सतराव्या क्रमांकावर राहिले. प्रशिक्षक नेथन बकली हंगामाच्या मध्यावरच पायउतार झाले. हे सारे मूरला पुढे पाठवल्यामुळे झाले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. दुखणी पुष्कळ होती. पुढे क्रेग मॅक्रे आले, त्यांनी संघाची खेळण्याची पद्धतच बदलली. मूर मागे राहिला आणि २०२३ मध्ये कर्णधार झाला.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी मेलबर्नला गेलो होतो. भाच्याने मला एमसीजीवर नेले. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे पळतो. मैदानात बसल्यावर प्रथमच मला चेंडूपासून दूर काय चालते ते दिसले. चेंडू शंभर मीटर लांब असतानाही मूर हात करून, ओरडून एकेकाला जागेवर ढकलत होता. मी पाऊण तास त्याच्याकडेच पाहत होतो. भाचा वैतागला. म्हणाला, "मामू, गेम तिकडे आहे!"

३० सप्टेंबरला अंतिम सामना झाला तेव्हा मी परत आलो होतो, फोनवर ऐकत होतो. ब्रिस्बेनने १३ गोल केले, कॉलिंगवूडने १२. तरी कॉलिंगवूड ९० विरुद्ध ८६ असे, ४ गुणांनी जिंकले, कारण त्यांचे बिहाइंड १८ होते आणि ब्रिस्बेनचे ८. वडिलांच्या कारकिर्दीत जे विजेतेपद कधी आले नाही, ते मुलाने कर्णधार म्हणून, बचावपटू म्हणून उचलले. "गोल केल्याशिवाय कोणी जिंकतं का?" असे विचारणाऱ्या भाच्याला मी एवढेच सांगितले की, बाबा, तुमचा संघ एक गोल कमी करून जिंकला. समोरच्यांचा आणखी एक गोल झाला असता तर?

शेवटची दहा मिनिटे उरली आहेत, संघ तीन गोलांनी मागे आहे, तर मूरला जरूर पुढे पाठवा. तेव्हा गमावण्यासारखे काही नसते. पण तो जुगार आहे हे ठाऊक असू द्या. त्याला हंगामाची योजना बनवू नका. आणि पाठवण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा, त्याच्या जागेवर आता कोण उभा आहे आणि त्याच्यासमोर कोण आहे.

भाचा अजून ऐकत नाही. संघाचे गोल आटले की त्याचा निरोप येतो, "मामू, मूर पुढे?" मी दर वेळी एकच उत्तर पाठवतो: "आणि मागे कोण?" त्याचे उत्तर अजून आलेले नाही.