भाताचा जीन ‘एडिट’ झाला, पण मामाच्या खाचरात चालेल का?

माझा मामा रायगडच्या खारेपाटात भात लावतो. भारतात जीन एडिट केलेला भात जाहीर झाला, तेव्हा त्याने मला व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड पाठवला: ‘खाऱ्या जमिनीत ३० टक्के जास्त पिकणारा भात आला!’ खाली त्याचा मेसेज: ‘तू इंजिनिअर ना? खरं का रे हे?’

मी सॉफ्टवेअरवाला, भातातलं मला फक्त खायचं कळतं. पण मामासाठी हा प्रश्न टाइमपासचा नाही. उधाणाला खाडीकडच्या बांधाला खांड पडली की खारं पाणी खाचरात शिरतं. ते त्या वर्षीचं पीक तर घेऊन जातंच, पण जमिनीत मीठही सोडून जातं. म्हणून जरा नीट वाचलं. जे समजलं ते इथे मांडतोय.

नेमकं जाहीर काय झालं?

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भाताचे दोन वाण जाहीर केले. जीनोम एडिटिंगने तयार झालेले हे भारतातले पहिले वाण.

पहिला ‘डीआरआर धान १००’ म्हणजेच ‘कमला’. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने तो ‘सांबा मसुरी’ या लोकप्रिय वाणापासून बनवला. दावा असा की उत्पादन १९ टक्के जास्त आणि पीक साधारण २० दिवस लवकर तयार.

दुसरा ‘पुसा डीएसटी राईस १’. तो दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘एमटीयू १०१०’ या वाणापासून बनवला. मामाचा फॉरवर्ड याच्याबद्दल होता. शिफारस केलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्रही आहे, त्यामुळे प्रश्न आपल्यापर्यंत येतोच.

एडिट म्हणजे नेमकं काय केलं?

भाताचा जीनोम म्हणजे सुमारे ४० कोटी अक्षरांची एक फाइल समजा. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. क्रिस्पर-कॅस ९ हे या फाइलमधलं ‘फाइंड अँड कट’. एक गाइड रेणू नेमकी जागा शोधतो आणि कॅस ९ नावाचं प्रथिन तिथे डीएनए कापतं. पेशी ते तुटलेलं टोक स्वतःच जोडते आणि जोडताना काही अक्षरं गळतात. जीन बंद पडतो. या पद्धतीसाठी एमान्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे बंद पाडला तो डीएसटी नावाचा जीन. तो कंट्रोलरसारखा आहे, म्हणजे दुसरे जीन कधी चालू-बंद व्हायचे ते ठरवतो. दिल्लीच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या जीनमधला ३६६ अक्षरांचा तुकडा काढल्याचं वर्णन आहे. ४० कोटींपैकी ३६६! परिणाम काय? पानांवरची रंध्रं कमी झाली. रंध्रं कमी म्हणजे बाष्पाने उडणारं पाणी कमी. मुळांनी पाणी कमी ओढलं की पाण्याबरोबर वर येणारं मीठही कमी.

मग हे बीटी कापसासारखंच ना?

नाही. २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसात एका जिवाणूचा जीन आणून टाकला होता, म्हणजे दुसऱ्या प्रोजेक्टमधला कोड कॉपी-पेस्ट. इथे आपल्याच फाइलमधल्या काही ओळी डिलीट केल्या. कापणारं कॅस ९ आधी रोपात घालावं लागतं हे खरं, पण पुढच्या पिढ्यांमध्ये ते नसलेली रोपं निवडली जातात. ॲप बनवताना वापरलेली टूल्स ॲपसोबत तुमच्या फोनमध्ये येत नाहीत, तसंच.

याच कारणाने मार्च २०२२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने बाहेरचा जीन न राहिलेल्या अशा पिकांना जीएम पिकांच्या कडक नियमांमधून सूट दिली. जीएम मोहरी वर्षानुवर्षं समित्या आणि सुप्रीम कोर्टात अडकलेली असताना हे भात पुढे सरकले, ते या सुटीमुळे. काही संघटनांचा या सुटीलाच आक्षेप आहे. त्यांचं म्हणणं, बदल छोटा असला तरी चाचणी पूर्णच हवी. कोड लिहिणाऱ्या कोणालाही हे पटेल. एका ओळीच्या बदलाने अख्खा सर्व्हर झोपलेला आम्ही पाहिलाय.

३० टक्के जास्त… पण कोणापेक्षा?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. अधिकृत माहितीनुसार पुसा डीएसटी राईस १ चं उत्पादन अंतर्गत भागातल्या क्षारयुक्त जमिनीत ९.६६ टक्के, अल्कधर्मी जमिनीत १४.६६ टक्के आणि किनारी खाऱ्या जमिनीत ३०.३६ टक्के जास्त आलं. फॉरवर्डमध्ये यातला सगळ्यात मोठा आकडा तेवढा उचलला होता.

आता नवा फोन घेताना आठवा. ‘३० टक्के फास्ट’ असं लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘आमच्या मागच्या मॉडेलपेक्षा’. इथेही तुलना मूळ एमटीयू १०१० शी आहे. तो वाण खाऱ्या जमिनीसाठी बनवलेलाच नव्हता. मामाचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्याकडे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पर्याय आधीपासून आहेत: पनवेल १, पनवेल २, पनवेल ३. हे वाण साध्या संकर आणि निवड पद्धतीने, खास खाऱ्या जमिनीसाठीच तयार झालेत. नवा भात त्यांच्यापेक्षा किती चांगला? प्रेस नोटमधला ३०.३६ चा आकडा हे सांगत नाही.

दुसरी गोष्ट, २०२० च्या त्या निबंधात मिठाची चाचणी रोपावस्थेतली होती. खाचरात खारं पाणी रोप लहान असतानाच येईल असं नाही, फुलोऱ्यातही येतं, आणि भात तेव्हाही तितकाच नाजूक असतो. शिवाय रंध्रांमधूनच रोप कार्बन डायऑक्साइड घेतं. ती कमी झाली तर चांगल्या जमिनीत उत्पादनावर काय परिणाम होतो, हेही जागोजागी बघायला हवं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘कोअ‍ॅलिशन फॉर अ जीएम-फ्री इंडिया’ या गटाने नेमका हाच विषय काढला. संशोधन परिषदेच्याच चाचणी अहवालांचा आधार घेऊन त्यांनी आरोप केला की सरकारी दावे आकड्यांशी जुळत नाहीत. परिषदेने आरोप फेटाळले. कोण बरोबर ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. पण वाद मिटवायचा मार्ग सोपा आहे: प्रत्येक केंद्राचा, प्रत्येक हंगामाचा, प्रत्येक तुलना-वाणाचा आकडा शेतकऱ्याला वाचता येईल असा मांडा, मराठीतही. सरासरी पुरत नाही. मामाची शेती सरासरी जमिनीत नाही, खारेपाटात आहे.

लायसन्स कोणाचं?

भारतीय पेटंट कायद्यात बियाणं आणि वनस्पतींवर पेटंट मिळत नाही. २००१ चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बियाणं राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा हक्क देतो, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. आणि हे दोन्ही वाण संकरित नाहीत, त्यामुळे घरचं बी पुढच्या वर्षी चालतं.

पण क्रिस्पर या टूलची मुख्य पेटंटं परदेशी विद्यापीठं आणि कंपन्यांकडे आहेत. संशोधनाला वापरणं वेगळं आणि बाजारात बी आणणं वेगळं. तो करार कोणत्या अटींवर, त्याचा बोजा बियाण्याच्या किमतीवर पडणार का, हे लोकांसमोर यायला हवं. म्हणूनच कटकच्या भात संशोधन संस्थेत टीएनपीबी या लहान प्रथिनावर आधारित स्वतःचं टूल तयार होतंय, ते महत्त्वाचं. ओपन सोर्सवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे समजावून सांगायची गरज नाही.

मामाला काय सांगितलं?

‘तंत्र खरं आहे, बाहेरचा जीन नाही, घाबरू नकोस. पण लगेच बी मिळणार नाही. पैदासकार, पायाभूत, प्रमाणित असे टप्पे पार व्हायला काही हंगाम जातात. तोवर कृषी सहायकाला एकच विचार: पनवेल ३ च्या शेजारी लावून आपल्या तालुक्यात कोणी बघितलंय का? आणि मिळालंच बी, तर पहिल्या वर्षी एकाच खाचरात लाव. घरचं बी टाकू नकोस.’

मामाचं उत्तर दोन मिनिटांत आलं: ‘म्हणजे आधी बीटा टेस्टिंग.’

बरोबर. फक्त ॲप क्रॅश झालं तर आपण परत इन्स्टॉल करतो. हंगाम गेला तर तो परत इन्स्टॉल होत नाही.