निवड गुणांवर, प्रवास ऐपतीवर

महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेच्या खर्चाचा विचार करताना मैदान, पंच, चषक आणि यजमान विद्यापीठाची व्यवस्था या बाबी लगेच पुढे येतात. परगावच्या संघाला त्या मैदानापर्यंत नेण्याचा आणि परत आणण्याचा खर्च मात्र बहुधा चर्चेबाहेर राहतो. विद्यापीठाने तो उचलला तर अंदाजपत्रकातील एका किरकोळ शीर्षाखाली त्याची नोंद होते. पुरेसा उचलला नाही तर तो खेळाडूच्या घरखर्चातून जातो आणि त्याची नोंद कोठेच होत नाही. ज्या देशाने 2030 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद मिळवले आहे आणि 2036 च्या ऑलिम्पिकवर दावा सांगितला आहे, त्या देशात विद्यापीठाचा संघ कसा आणि कोणाच्या पैशांनी प्रवास करतो, हा क्रीडाधोरणाचा मूलभूत प्रश्न मानला गेला पाहिजे. कारण संघनिवड कितीही निष्पक्ष असली, तरी ज्याला प्रवास परवडत नाही तो खेळाडू मैदानावर उतरण्याआधीच स्पर्धेतून बाद झालेला असतो.

या प्रश्नाचा आवाका समजण्यासाठी आंतरविद्यापीठ स्पर्धांची रचना ध्यानात घ्यावी लागते. 1925 मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेला भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे विद्यापीठांच्या क्रीडाविभागांच्या बोलण्यातील ‘एआययू’, या स्पर्धांचे नियमन करतो. त्यासाठी देशातील विद्यापीठांची पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चार विभागांत वाटणी केलेली असून, महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील विद्यापीठांबरोबर पश्चिम विभागात मोडतात. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात आणि तेथे वरच्या क्रमांकावर आलेल्या संघांना ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ क्रीडा स्पर्धेचे दार उघडते. महाविद्यालयाच्या मैदानावरून निघालेला खेळाडू आंतरमहाविद्यालयीन सामने, निवड चाचणी, सराव शिबिर, विभागीय स्पर्धा आणि अखिल भारतीय स्पर्धा अशा पायऱ्या चढत असताना त्याच्या कौशल्याची परीक्षा जशी होते, तशीच प्रत्येक पायरीवर प्रवासाच्या अंतराची आणि खर्चाचीही भर पडते. कोल्हापूरच्या किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला विभागीय स्पर्धेसाठी राजस्थानात जावे लागू शकते आणि तेथे यश मिळाल्यास काही आठवड्यांतच चेन्नई वा भुवनेश्वर गाठावे लागते.

बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच खेळाडू मैदानावर असले, तरी संघ 12 जणांचा असतो. त्यात प्रशिक्षक आणि संघ व्यवस्थापक धरले की किमान 14 जणांचा प्रवास होतो, आणि विद्यार्थिनींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असणे आवश्यकच असते. रेल्वेच्या नियमानुसार एका आरक्षण अर्जावर सहा प्रवाशांचीच नावे घालता येतात, तर प्रवासाच्या आदल्या दिवशी खुल्या होणाऱ्या ‘तत्काळ’ आरक्षणात ही मर्यादा चारवर येते. त्यामुळे 14 जणांच्या संघाला नेहमीच्या आरक्षणासाठी तीन आणि तत्काळसाठी चार स्वतंत्र तिकिटे काढावी लागतात व संघ एकाच डब्यात बसेल याची खात्री उरत नाही. नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली आहे. पण स्पर्धेचे ठिकाण आणि तारीख निश्चित होऊन निवडलेल्या संघाची यादी मंजूर होईपर्यंत हे 60 दिवसही बरेचसे सरलेले असतात, आणि तत्काळचे जादा शुल्क भरण्यावाचून पर्याय राहत नाही.

परतीच्या प्रवासाची अडचण याहून गहन आहे आणि ती खेळाच्या स्वरूपातूनच उद्भवते. आंतरविद्यापीठ बास्केटबॉल स्पर्धा सामान्यतः बाद-सह-साखळी पद्धतीने होतात. म्हणजे आरंभीच्या फेऱ्यांत हरलेला संघ तत्काळ बाहेर पडतो आणि शेवटी उरलेले चार संघ परस्परांशी साखळी सामने खेळतात. परिणामी, संघ पहिल्याच दिवशी परतणार की आठवडाअखेरपर्यंत थांबणार, हे निघताना कोणीही सांगू शकत नाही. शेवटच्या दिवसाचे परतीचे तिकीट काढून ठेवले तर लवकर हरलेल्या संघाच्या निवासाचा व भोजनाचा खर्च वाढतो; लवकरचे काढले तर जिंकणाऱ्या संघाला ते रद्द करून नव्याने धावपळ करावी लागते, आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. स्थानकापासून मैदानापर्यंतची रिक्षा किंवा टेम्पो, निवासव्यवस्थेचे शुल्क, अंथरूण-पांघरूण, दुखापत झाल्यास उपचार आणि तीव्र शारीरिक श्रम करणाऱ्या तरुण शरीराला पुरेल असा आहार, हे सारे या खर्चात मिळवले म्हणजे तिकिटाचे भाडे हा एकूण भाराचा केवळ एक हिस्सा असल्याचे स्पष्ट होते.

रेल्वेची सवलत हा या व्यवस्थेचा जुना आधार होता. राज्यस्तरीय आणि राष्ट्रीय स्पर्धांसाठी जाणाऱ्या खेळाडूंना द्वितीय श्रेणीच्या व शयनयान श्रेणीच्या भाड्यात 75 टक्के सूट मिळत असे. करोनाच्या साथीत, मार्च 2020 मध्ये, अनावश्यक प्रवास रोखण्यासाठी रेल्वेने बहुतेक सवलती स्थगित केल्या आणि दिव्यांगांचे काही गट, विशिष्ट आजारांचे रुग्ण व विद्यार्थी यांच्यापुरत्याच त्या चालू ठेवल्या; विद्यार्थ्यांची सवलत प्रामुख्याने घरी जाण्यासाठी आणि शैक्षणिक सहलींसाठी असल्याने स्पर्धेला निघालेल्या संघाला तिचा सहज उपयोग होत नाही. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, तरी खेळाडूंची सवलत परत आली नाही. रेल्वेची बाजूही विचारात घेतली पाहिजे: प्रवासी भाडी खर्चापेक्षा कमी ठेवल्यामुळे 2022-23 मध्ये सुमारे 56,993 कोटी रुपयांचे अनुदान द्यावे लागले, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. परंतु सर्व प्रवाशांना मिळणारे हे अनुदान आणि देशाच्या क्रीडाविकासासाठी मोजक्या संघांना दिलेली सवलत यांचा हेतू भिन्न आहे. शिवाय रेल्वे ही देशातील खेळाडूंना नोकरी देणारी सर्वांत मोठी संस्था मानली जाते आणि रेल्वेच्या महिला बास्केटबॉल संघाने राष्ट्रीय स्पर्धेवर दीर्घकाळ वर्चस्व राखले आहे. आज शयनयान डब्यातून विभागीय स्पर्धेला जाणारी विद्यार्थिनी उद्या रेल्वेच्याच संघातून खेळू शकते, म्हणून ही सवलत रेल्वेसाठी स्वतःच्या भविष्यातील गुंतवणूक ठरते.

या खर्चाचे वाटप कसे होते, हे सर्वांत महत्त्वाचे आहे. विद्यापीठे प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडा शुल्क घेतात आणि संघांना प्रवास भत्ता व दैनिक भत्ता, म्हणजे परिचित भाषेतील ‘टीए-डीए’, मंजूर करतात. मात्र जेथे ही रक्कम अग्रिम म्हणून निघण्यापूर्वी हाती पडत नाही, तेथे आधी स्वतः खर्च करा, नंतर देयके सादर करा आणि मंजुरीची वाट पाहा, अशी पद्धत रूढ होते. पगारदार पालकाच्या मुलाला ही केवळ गैरसोय वाटेल. शेतमजुराच्या, रिक्षाचालकाच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला मात्र काही हजार रुपये काही महिने अडकवून ठेवणे म्हणजे उसनवारी करणे होय. मुलींच्या बाबतीत पैशांच्या प्रश्नाला सुरक्षिततेची चिंता जोडली जाते: आरक्षण निश्चित नाही, रात्रीचा प्रवास आहे आणि निवासाची माहिती नाही, अशा स्थितीत पालकांनी परवानगी नाकारली तर त्यांच्या मानसिकतेला दोष देण्यापेक्षा त्या व्यवस्थेला दोष देणे अधिक न्याय्य ठरेल. यातून होणारी गळती कोणत्याही गुणतक्त्यात दिसत नाही, कारण न गेलेल्या खेळाडूच्या नावापुढे गुण मांडले जात नाहीत.

या गळतीची किंमत एका सामन्यापुरती राहत नाही. केंद्र सरकारच्या नियमांनुसार आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू क्रीडा कोट्यातील नोकरभरतीस पात्र ठरतो आणि बास्केटबॉल हा त्या मान्य खेळांपैकी एक आहे. भारतात या खेळाची स्थिर व्यावसायिक लीग अद्याप रुजलेली नसल्याने रेल्वे, सेनादले, पोलीस आणि सार्वजनिक उपक्रमांतील नोकरी हाच खेळाडूचा खरा आधार असतो. मुंबईतील नागपाडा, पुणे आणि नागपूर या केंद्रांनी महाराष्ट्राला बास्केटबॉलची मोठी परंपरा दिली आहे. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आणि नागपूरच्या सिया देवधर भारतीय संघात पोहोचल्या. अशी परंपरा पुढे चालायची असेल, तर मोठ्या शहरांबाहेरच्या मुलामुलींनाही त्या वाटेवर पाऊल ठेवता आले पाहिजे.

महाविद्यालयीन बास्केटबॉलची जगातील सर्वांत श्रीमंत स्पर्धा अमेरिकेत होते आणि तेथील अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. त्या देशातील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेने पुरुषांच्या 68 संघांच्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क 2010 मध्ये 14 वर्षांसाठी 1,080 कोटी डॉलरना विकले आणि 2016 मध्ये त्या कराराला 2032 पर्यंतची मुदतवाढ देताना आणखी 880 कोटी डॉलर मिळवले. स्पर्धेतील संघांचा प्रवासखर्च ही संस्था स्वतः उचलते. तरीही खेळाडूंच्या आईवडिलांना अंतिम टप्प्यातील सामने पाहायला येता यावे म्हणून प्रत्येक कुटुंबाला 3,000 डॉलरपर्यंत, आणि अंतिम सामना गाठल्यास 4,000 डॉलरपर्यंत, मदत देण्याचा निर्णय 2015 मध्ये घ्यावा लागला. 2021 मध्ये महिला संघांना पुरुषांच्या तुलनेत अगदी तुटपुंजी व्यायामसाधने दिल्याचे उघड झाल्यावर देशभर संताप उसळला. 2024 मध्ये स्पोकेन शहरात पुरेशी हॉटेले उपलब्ध नसल्याने युटा विद्यापीठाच्या महिला संघाला शेजारच्या राज्यातील गावी उतरावे लागले आणि तेथे त्या खेळाडूंना वर्णद्वेषी छळाला तोंड द्यावे लागले. पैसा अमाप असला तरी प्रवास आणि निवास यांचे नियोजन दुय्यम मानले, तर त्याचा पहिला फटका ज्यांचे स्थान आधीच दुबळे आहे त्यांना बसतो, हा या अनुभवाचा अर्थ आहे. भारतीय विद्यापीठांकडे तेवढा पैसा नाही. म्हणूनच येथे नियोजनाची जबाबदारी अधिक मोठी आहे.

‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धांची सुरुवात 2020 मध्ये भुवनेश्वर येथे झाली आणि केंद्राच्या निधीमुळे त्यांचा दर्जा उंचावला, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्या स्पर्धेपर्यंत पोहोचणारा प्रत्येक संघ विभागीय आणि अखिल भारतीय स्पर्धांच्या वाटेनेच येतो. शेवटची पायरी मजबूत करून आधीच्या पायऱ्या तशाच सोडल्या, तर वरपर्यंत येणाऱ्यांत ऐपत असलेल्यांचे प्रमाण वाढत जाईल आणि देश आपल्या गुणवत्तेच्या मोठ्या भागाला कधी पाहूच शकणार नाही.

यावर करावयाचे उपाय अवघड नाहीत. रेल्वे मंत्रालयाने मान्यताप्राप्त स्पर्धांना जाणाऱ्या खेळाडूंची 75 टक्के सवलत पुन्हा लागू करावी आणि विद्यापीठाच्या पत्रावर संपूर्ण संघाला एकत्र आसने मिळतील असा राखीव कोटा, परतीची तारीख बदलण्याच्या मुभेसह, ठेवावा. एआययूने प्रत्येक स्पर्धेचे ठिकाण व तारखा आरक्षणाच्या 60 दिवसांच्या मुदतीपूर्वी जाहीर कराव्यात आणि विस्तीर्ण विभागांत आरंभीच्या फेऱ्या जवळच्या उपकेंद्रांवर घेऊन अंतर कमी करावे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 अन्वये स्थापन झालेल्या क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळांनी प्रवास व दैनिक भत्त्याची पूर्ण रक्कम संघ निघण्यापूर्वी अग्रिम म्हणून देणे बंधनकारक करावे, तिचे दर प्रत्यक्ष भावांनुसार दरवर्षी तपासावेत आणि विद्यार्थ्यांकडून जमा झालेल्या क्रीडा शुल्काचा विनियोग जाहीर करावा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय मान्यताप्राप्त व ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश असल्याने उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीला विद्यापीठ संघांकडे वळवण्याचा मार्गही राज्य सरकारने शोधावा. विद्यार्थिनींच्या संघांसाठी निश्चित आरक्षण आणि आधी तपासलेले निवासस्थान या दोन अटी पूर्ण झाल्याशिवाय स्पर्धेला मान्यताच देऊ नये.

प्रवासाचा खर्च हा स्पर्धेच्या खर्चाचाच अविभाज्य भाग आहे आणि तो भरण्याची जबाबदारी स्पर्धा घेणाऱ्यांची व संघ पाठवणाऱ्यांची आहे. विद्यापीठाच्या नावाचा गणवेश अंगावर चढवून जो खेळाडू परगावी जातो, तो खासगी कामासाठी गेलेला नसतो. तो त्या विद्यापीठाचे काम करत असतो, आणि त्या कामासाठी त्याच्या कुटुंबाकडून एक रुपयाही घेतला जाऊ नये. येत्या शैक्षणिक वर्षाची क्रीडा अंदाजपत्रके मांडताना राज्यातील प्रत्येक विद्यापीठाने ही जबाबदारी लेखी स्वीकारावी, आणि खेळाडूंची सवलत परत मिळवण्यासाठी महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत एकमुखाने आग्रह धरावा.