फुकटचं अपग्रेड आणि त्याची नोंद

विमानातली बिझनेस क्लासची रिकामी सीट फुकटात कुणाला मिळते, याबद्दल आपल्याकडे भरपूर दंतकथा आहेत. कडक इस्त्रीचे कपडे घाला. काउंटरवर गोड बोला. हनिमूनला चाललोय म्हणून सांगा. मंडळी, यातल्या कशानेही सहसा काही होत नाही. ती सीट कुणाला द्यायची हे तुम्ही विमानतळावर पोचायच्या आधीच बहुतेक ठरलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही वर्षातून एकदा लेकाकडे जातो, तेही सहा महिने आधी स्वस्तातलं तिकीट काढून, आम्हाला काय करायचंय? करायचंय. शेवटपर्यंत वाचा.

ही सीट मिळायचे तीन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा यादीचा. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली 'ॲडव्हांटेज' योजना काढली आणि जगभरच्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. जास्त उडाल तितके मैल जमा, मैलांवर सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम अशी पायरी, आणि पायरीनुसार अपग्रेडच्या रांगेत नंबर. एकाच पायरीवर दहा जण असतील तर कुणाचं तिकीट महागडं, कुणी आधी मागणी नोंदवली, असं पुढे चाळत जातात. हे सगळं कॉम्प्युटर करतो. काउंटरवरच्या मुलीच्या हातात फार काही नसतं, उगाच तिच्यावर डाफरू नका.

पण या यादीचं पुढे काय झालं बघा. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने, आणि २०१६ मध्ये अमेरिकनने, किती अंतर उडालात याऐवजी किती डॉलर खर्च केलेत यावर मैल द्यायला सुरुवात केली. मग क्रेडिट कार्ड आलं. आज अमेरिकनमध्ये एकाच पायरीवरच्या दोघांपैकी आधी कोण, हे गेल्या बारा महिन्यांत कुणी जास्त 'लॉयल्टी पॉइंट' जमवले यावर ठरतं, आणि ते पॉइंट कार्डावर किराणा भरूनसुद्धा जमतात. म्हणजे योजनेचं नाव अजून 'फ्रीक्वेंट फ्लायर', पण वारंवार उडणारा मागे आणि वारंवार कार्ड घासणारा पुढे. २०२३ मध्ये डेल्टाने पायरी पूर्णपणे खर्चावर नेली तेव्हा जुन्या प्रवाशांनी एवढा आरडाओरडा केला, की 'आम्ही जरा जास्तच पुढे गेलो' अशा अर्थाची कबुली कंपनीच्या प्रमुखांना द्यावी लागली. थोडं मागे आले, पण दिशा तीच राहिली. आपल्या एअर इंडियानेही २०२४ मध्ये हाच रस्ता धरला. किती उडालात यापेक्षा किती रुपये मोजलेत त्यावर पॉइंट.

माझा याला फारसा आक्षेप नाही. दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाला मूठभर शेंगदाणे जास्त टाकतो, तसं हे. नियम छापलेले आहेत, ज्याला परवडतं त्याने खेळावं.

दुसरा दरवाजा अडचणीचा. कंपन्या सीटपेक्षा जास्त तिकिटं विकतात, कारण काही जण येतच नाहीत. सगळेच आले की इकॉनॉमी तुडुंब, आणि पुढे चार सीट रिकाम्या. मग चार जणांना वर ढकलतात. इथेही साधारण आधी कार्डवाले, मग महाग तिकीटवाले. आणि वरही जागा नसेल तर? तर कुणीतरी खाली राहतो.

या खाली राहणाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे नियम आहे, तो पाठ करून ठेवा. डीजीसीएच्या नियमानुसार कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे आहेत का हे विचारायचं. तुमच्या मर्जीविरुद्ध तुम्हाला उतरवलं आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई: पर्यायी विमान चोवीस तासांच्या आत असेल तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, त्याहून उशिराचं असेल तर चौपट, कमाल २०,०००. आणि वरच्या वर्गाचं तिकीट काढून तुम्हाला खाली बसवलं, तर फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात करांसकट तिकिटाचे ७५ टक्के परत. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. माझ्या एका नातेवाइकाला असंच उतरवलं होतं, हातात सँडविचचं कूपन ठेवलं आणि 'सॉरी सर'. नियमाचं नाव घेतल्यावर मॅनेजर आला.

म्हणजे बघा, खाली उतरवायला नियम आहे, भरपाई आहे. ग्राहकाला वर चढवायला छापील यादी आहे. उरतो तिसरा दरवाजा, आणि ही पोस्ट त्याच्यासाठी आहे.

तिसरा दरवाजा निमंत्रणाचा. याची यादी छापत नाहीत. यात पैसे भरून जाता येत नाही, उडून जाता येत नाही. कंपनी ठरवते, हा माणूस आपल्या कामाचा आहे.

याचं सगळ्यात उघडं उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडेल. तिथे क्वांटासचा 'चेअरमन्स लाउंज' आहे. बाहेर धड पाटी नाही, प्रवेश फक्त निमंत्रणाने, आणि आत खासदार, न्यायाधीश, मोठे अधिकारी, उद्योगपती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार जो ॲस्टन यांचं याच नावाचं पुस्तक आलं. त्यात आरोप होता की पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांनी आधीच्या वर्षांत, वाहतूक खात्याचे मंत्री असतानाच्या काळातही, क्वांटासकडून २० हून जास्त फुकट अपग्रेड घेतले. ज्या खात्याने कंपनीवर लक्ष ठेवायचं, त्याच खात्याचा मंत्री. अल्बानीज यांनी कंपनीच्या प्रमुखांना फोन करून मागणी केल्याचं नाकारलं आणि सगळं जाहीर केलेलं आहे असं सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या सरकारने कतार एअरवेजला जादा फेऱ्या नाकारल्या होत्या, आणि क्वांटासचाही त्या फेऱ्यांना विरोध होता. या दोन गोष्टींचा संबंध सिद्ध झालेला नाही, तसं मी म्हणतही नाही. पण लोकांच्या मनात प्रश्न उभा राहिला, आणि तो रास्त होता.

आता महत्त्वाचं. हा प्रश्न तिथे विचारता आला, कारण तिथल्या खासदारांना भेटी आणि पाहुणचार संसदेच्या रजिस्टरमध्ये लिहावा लागतो. नोंद होती म्हणून मोजता आलं.

जर्मनीत २००२ मध्ये सरकारी प्रवासावर जमलेले लुफ्तान्साचे बोनस मैल खासगी प्रवासाला वापरल्याचं उघड झालं, तेव्हा ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. काही मैलांसाठी! आपल्याकडे हे वाचून हसू येतं. हसू येतं हाच आपला प्रॉब्लेम आहे.

आपल्याकडे काय आहे ते बघू. केंद्राच्या सरकारी नोकरांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यातल्या नियम १३ मध्ये 'भेट' या शब्दात फुकट प्रवासही येतो. सरकारी प्रवासावर जमलेले मैल खासगी सहलीला वापरायचे नाहीत, अशाही अर्थ मंत्रालयाच्या सूचना आहेत. म्हणजे कारकुनाला नियम लागू. आणि खासदाराला? त्याला आपल्या पैशाने वर्षाला ३४ एकेरी विमान प्रवास मिळतात, ते ठीक, कामासाठी आहेत. पण राज्यसभेच्या हितसंबंधांच्या रजिस्टरमध्ये पाच गोष्टी लिहायच्या असतात: संचालकपद, मानधनाचं नियमित काम, कंपनीतला नियंत्रण देणारा हिस्सा, सल्लागारी, व्यवसाय. फुकटच्या सीटला त्यात रकाना नाही. लोकसभेत तर असं रजिस्टरच नाही.

आणि मानसिकता कशी आहे, ते महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिलंय. पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात बिझनेस क्लासच नव्हता. तेव्हाच्या उस्मानाबादच्या खासदारांनी त्यावरून साठीतल्या कर्मचाऱ्याला चपलेने मारलं आणि कॅमेऱ्यासमोर तसं सांगितलंही. त्यांच्याकडे बिझनेसचं तिकीट होतं, तक्रार करायचा हक्क होता. पण पुढची सीट म्हणजे आपला मान, तो कसाही वसूल करायचा, ही समजूत एका माणसाची नाही.

काही जण म्हणतील, 'सीट रिकामीच जाणार होती, कुणाचं काय गेलं?' गेलं ना. आज कंपन्या तीच सीट शेवटच्या क्षणी ईमेलवर विकायला काढतात, बोली लावतात. जी वस्तू विकली जाते तिला किंमत असते, आणि किमतीची वस्तू फुकट घेणं म्हणजे भेट घेणं. ती देणारी कंपनी उद्या भाडं, विमानतळावरचे स्लॉट, परदेशी फेऱ्या, भरपाईचे नियम यासाठी त्याच माणसाच्या दारात उभी असते. वर सांगितलेली १०,००० आणि २०,००० ची मर्यादा वाढवायची की नाही, हे ठरवणारे त्या वेळी कुठल्या रांगेत बसलेले असतील? आणि आपण कुठल्या?

कुणी म्हणेल, खासगी कंपनी आहे, कुणालाही बसवेल. बसवू दे की. बंधन कंपनीवर मागत नाहीये. घेणाऱ्यावर मागतोय.

मागणी साधी आहे. खासदार, आमदार, मंत्री, विमान वाहतूक खात्याचे आणि डीजीसीएचे अधिकारी, यांनी कुठल्याही कंपनीकडून फुकट अपग्रेड किंवा निमंत्रणाचं सदस्यत्व घेतलं, तर तारीख, मार्ग आणि कंपनी तीस दिवसांत जाहीर नोंदवावी. वेबसाइटवर, कुणालाही बघता येईल अशी. एवढंच. सीट घ्यायला बंदी नको, लपवायला हवी.

निवडणुका येतील तेव्हा दारात येणाऱ्या उमेदवाराला रस्ता-पाणी-गटार विचारालच. त्यानंतर हेही विचारा: साहेब, शेवटचं फुकट अपग्रेड कुठल्या कंपनीने दिलं, आणि त्याची नोंद कुठे आहे?