विश्वचषक आणि शाळेचे मैदान

नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर 2 नोव्हेंबर 2025 च्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी नमवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. नवी मुंबईला या विजयाचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु याच शहरातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने त्यातून काय घ्यावे, हा प्रश्न जल्लोषाइतकाच महत्त्वाचा आहे.

त्याचे उत्तर चषकापेक्षा चषकापर्यंतच्या वाटेत सापडते. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध वगळण्यात आले होते. तिनेच उपान्त्य सामन्यात नाबाद 127 धावा करून ऑस्ट्रेलियाला हरविले आणि नंतर आपल्या मानसिक तणावाची व सहकाऱ्यांनी दिलेल्या आधाराची मोकळेपणाने कबुली दिली. शफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाल्याने ती आली आणि अंतिम सामन्यात 87 धावा करून गेली. डावलले जाणे म्हणजे शेवट नव्हे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मैदान अधिक चांगले शिकविते.

हे शिक्षण मिळण्यासाठी विश्वचषकाची गरज नाही. उंच उडालेल्या झेलाखाली दोघी धावत असतील, तर एकीने ‘माझा’ असे ओरडून सांगावेच लागते. हळू बोलण्याचे वळण लावलेल्या मुलीला जबाबदारी मोठ्याने स्वीकारण्याची सवय तेथे लागते. खो-खोमध्ये पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही. योग्य क्षणी खो देऊन दुसरीवर विसंबावे लागते. या खेळाला खर्चही फारसा येत नाही.

अडचण आहे ती मोठ्यांच्या हिशेबात. नववी-दहावी आली की खेळाचा तास गणिताला दिला जातो. दहावीच्या परीक्षेतील सवलतीचे गुण मिळाले की खेळाचे प्रयोजन संपले, असे मानले जाते. संध्याकाळी परतण्याची काळजी, घरकाम, पाळीच्या दिवसांचा संकोच आणि स्वच्छतागृहाचा अभाव ही कारणे मुलींच्याच वाट्याला येतात. शिवाय खेळ आपोआप गुण देत नाही; चारचौघांत अपमान करणारा प्रशिक्षक केवळ भय शिकवितो.

सिडकोने वसविलेल्या या शहराच्या आराखड्यात मैदानांसाठी जागा राखलेल्या आहेत. आता मुलींसाठी त्या मैदानांवरील ठरावीक वेळ, समंजस शिक्षक आणि सुरक्षित परतीची सोय राखली पाहिजे. शाळा व पालक यांना एवढे जमले, तर नेरुळचा विजय एका रात्रीपुरता राहणार नाही.