शस्त्रखरेदीचा हिशेब आणि अंबरनाथची फॅक्टरी

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जण मारले गेले. त्यांत तिघे डोंबिवलीचे होते. त्यामुळे सैन्यावर खर्च कशाला, असा प्रश्न आमच्या भागात कुणी विचारत नाही. आम्हीही विचारत नाही. हा खर्च कुठवर वाढणार आणि त्यातून कुणाच्या हाताला काम मिळणार, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

'सिप्री' या स्वीडनमधील संस्थेनुसार २०२४ मध्ये भारताचा लष्करी खर्च सुमारे ८६ अब्ज डॉलर, पाकिस्तानचा १० अब्ज आणि चीनचा ३१४ अब्ज डॉलर होता. म्हणजे पाकिस्तानच्या आठपट खर्च करूनही आपण चीनच्या एक तृतीयांशही नाही. पाकिस्तान तर २०२० ते २०२४ या काळात ८१ टक्के आयात शस्त्रे चीनकडूनच घेत होता. आपण रशियाकडून एस-४०० घेतली, त्याने चीनकडून जे-१०सी विमाने घेतली. आपण फ्रान्सशी २६ राफेल-मरीनचा करार केला. ही चढाओढ केवळ खरेदीने संपणारी नाही.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. मंत्रिपदाच्या राजीनाम्याची कारणे सांगताना १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांनी हिशेबच मांडला: ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात. अडचणीत धावून येणारा मित्र आपल्याला उरलेला नाही, हे त्यांनी त्याचे कारण सांगितले. सैन्य नको असे ते म्हणाले नाहीत. परराष्ट्र धोरण चुकले की त्याची किंमत तिजोरी भरते, असा त्यांचा मुद्दा होता.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये होते. याउलट, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची २०१३ मध्ये ठरलेली अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा त्याही वर्षी तीच राहिली.

कल्याणला लागून असलेल्या अंबरनाथमध्ये १९५०च्या दशकापासून आयुध निर्माणी आहे. सरकारी नोकरी, आरक्षण आणि पेन्शन यांमुळे अशा कारखान्यांनी कष्टकरी घरांची एक पिढी उभी केली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथची निर्माणी 'यंत्र इंडिया'कडे गेली. सरकारी कंपनीत आरक्षण लागू असते, खासगी कंपनीत नसते. म्हणून 'आत्मनिर्भर'तेच्या नावाने ऑर्डर कुणाला मिळते, हा आपल्या मुलांच्या नोकरीचा प्रश्न आहे.

आमची मागणी साधी आहे. सरकारी कारखान्यांना काम द्या, तिथल्या रिक्त जागा आरक्षणासह भरा आणि शेजाऱ्यांशी बोलणीचा मार्ग बंद करू नका. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण हे विचारले पाहिजे.

जय भीम!