दोन चकत्यांचे यंत्र आणि रंगाची शिल्लक

दसरा जवळ आला, की शहरातील गॅरेजांच्या आणि गाडी धुण्याच्या केंद्रांच्या दारांशी मोटारींची रीघ लागते, आणि त्यांतील पुष्कळ मालक एकच मागणी घेऊन आलेले असतात : रबिंग करून द्या, गाडी नव्यासारखी चमकली पाहिजे. वस्तू नेटकी राखण्याची ही इच्छा सर्वथा आदरणीय आहे; परंतु ती चमक कोठून निर्माण होते, तिच्यापायी गाडीच्या अंगावरचे काय खर्ची पडते आणि त्यासाठी पत्र्यावर फिरवले जाणारे यंत्र कोणत्या जातीचे आहे, याची विचारपूस क्वचितच होते, आणि विचारल्यावाचून कारागीर ती माहिती आपण होऊन देत नाही. वेगाने कापणाऱ्या एकचकती बफिंग यंत्राची या क्षेत्रातील सद्दी आता संपावी, आणि दोन चकत्यांच्या ऑर्बिटल पॉलिशरसारखे सौम्य यंत्र, मग ते कितीही जुने असो, दुरुस्त करून व नव्या साहित्याने सुधारून कामाला लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रबिंगची प्रथा ज्या काळात रुजली त्या काळात ती रास्त होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी काय किंवा उत्तरपाड्याची अँबॅसडर काय, त्या पिढीच्या गाड्यांचा रंग बहुधा एकपदरी असे; रंगद्रव्याचा थर थेट ऊनपावसाला उघडा पडे, आणि दोनचार उन्हाळ्यांत त्याच्या पृष्ठभागावर अशी निर्जीव भुकटी धरे, की बॉनेटवर तळहात फिरवला असता तो रंगून निघे. ती मेलेली भुकटी कंपाऊंडने, म्हणजे घासणाऱ्या लेपाने, खरवडून काढली म्हणजे खालचा ताजा रंग उघडा होई, फडक्याला गाडीचाच रंग लागे, आणि कारागिराच्या कष्टाचे सार्थक डोळ्यांना दिसे. पुढे मोटारीच्या रंगाची रचनाच पालटली, पण सवय मात्र जशीच्या तशी राहिली.

आज रस्त्यावरील बहुतेक गाड्यांच्या अंगावर रंगद्रव्याचा पातळ थर खाली आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट, अशी योजना असते. पोलादी पत्र्यावरील प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंतचे सारे थर मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून किंचित अधिक, आणि त्यांतील क्लिअर कोटचा वाटा बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनांचाच असतो. उन्हातील अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. तेव्हा ज्याला आपण ओरखडे घालवणे म्हणतो ते वस्तुतः ओरखड्याच्या तळापर्यंतचा आजूबाजूचा सारा क्लिअर कोट कापून खाली आणणे होय, आणि कडक कंपाऊंडच्या एका फेरीत त्यातून काही मायक्रॉन कायमचे जातात. ही अशी ठेव आहे, की जीतून काढता येते पण जीत भर घालता येत नाही. आणि ती फार खालावली, की टपावर व बॉनेटवर पांढुरके चट्टे उठतात, क्लिअर कोटचे पापुद्रे सुटू लागतात, आणि मग जगातील कोणतेही पॉलिश उपयोगी न पडता फक्त नव्याने रंगकाम करणे एवढाच मार्ग उरतो.

हे ओरखडे येतात कोठून, तेही पाहिले पाहिजे. सोसायटीच्या आवारात भल्या पहाटे एका बादलीत आणि एका फडक्यात आठदहा गाड्या पुसणाऱ्या माणसाला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण त्याला दुसरी बादली व पुरेसे पाणी आपणच दिलेले नसते. तथापि फडक्यात अडकलेली वाळू रोज सकाळी रंगावर फिरते, ही वस्तुस्थिती उरतेच. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ऊन पडले, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक वर्तुळांचे जाळे दिसते, आणि कोणी तरी गोल गोल पुसल्यामुळे ते झाले अशी समजूत होते. प्रत्यक्षात त्या रेघा वाटेल त्या दिशांना पसरलेल्या असतात. त्यांपैकी ज्या प्रकाशाला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून त्यांची वर्तुळे भासतात, आणि दिवा हलवला की ती वर्तुळेही हलतात. अशा रेघा अत्यंत उथळ असल्याने त्यांच्यासाठी कठोर शस्त्र उपसण्याचे काहीच कारण नाही.

गॅरेजांत सर्रास दिसणारे बफिंग यंत्र एका सरळ आसावर, मिनिटाला ६०० पासून ३००० पर्यंत फेरे घेत फिरते, आणि त्यावर लोकरीचा पॅड चढवला म्हणजे ते कामाचा फडशा पाडते यात शंका नाही. परंतु त्याची चकती सक्तीने फिरत असल्याने सारे घर्षण एकाच दिशेला होते, पत्रा तापतो, आणि हात जरा जागीच रेंगाळला किंवा यंत्र कडेवर चढले, तर रंग उडून खालचा प्रायमर दिसू लागतो. कारण भट्टीत रंग सुकताना तो कडांवरून मागे सरतो आणि तेथे मुळातच पातळ असतो. निष्णात हाती हे यंत्र सुंदर काम देते हे मी मान्य करतो. तथापि निष्णात हात प्रत्येक गॅरेजात नसतो, आणि शिकाऊ पोराच्या हाती ते दिले, की ओरखडे जातात व त्यांच्या जागी उन्हात तिरप्या नजरेला दिसणारे लांबट झळाळते पट्टे येतात, ज्यांना या व्यवसायात होलोग्राम म्हणतात.

ऑर्बिटल यंत्राची चाल निराळी. त्याची चकती मध्यापासून किंचित बाजूला सरकवलेल्या आसावर बसवलेली असते, त्यामुळे ती लहानशा कक्षेत घुमते आणि घुमता घुमता स्वतःभोवतीही मोकळेपणाने फिरते. दाब अवाजवी झाला तर हे स्वतःभोवतीचे फिरणे थांबते, आणि रंग जळण्यापूर्वीच यंत्र जणू काम करण्याचे नाकारते. या जातीतील एक वैशिष्ट्यपूर्ण यंत्र म्हणजे अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात १९५३ पासून तयार होऊ लागलेले सायक्लो. त्याच्या ॲल्युमिनियमच्या ओतीव देहाखाली चार चार इंचांच्या दोन चकत्या शेजारीशेजारी असतात आणि एकच मोटार दोहोंना चालवते; एकीचा झोक दुसरीच्या झोकाने तोलला जात असल्यामुळे, एकचकती ऑर्बिटल यंत्रात वजनाचा तुकडा बसवून जे कंपन कसेबसे आवरावे लागते, ते येथे रचनेतच बरेचसे विरते. रंग न दिलेली, उघड्या ॲल्युमिनियमची जुनी विमाने आणि एअरस्ट्रीमची रुपेरी फिरती घरे आरशासारखी करणारे अमेरिकी हौशी लोक आजही प्रथम वेगवान यंत्राने धातू कापतात, आणि मग त्या यंत्राने मागे ठेवलेले वळसे पुसण्यासाठी सायक्लोच्या चकत्यांवर सुती मऊ कापड बांधून शेवटचा हात फिरवतात. उघडा धातू बारीकसारीक काहीच लपवू देत नाही, आणि अशा ठिकाणी ज्या यंत्रावर भरवसा ठेवला जातो त्याची योग्यता निराळी सांगावयास नको.

आता सुधारणेचा प्रश्न. अशा यंत्राचा गाभा दशकानुदशके टिकतो. झिजतात त्या मोटारीतील कार्बनच्या कांड्या, बेअरिंगे, दंतचक्रांतील ग्रीस आणि विजेची दोरी. या चार गोष्टी कोणताही चांगला मोटार-वायंडिंगवाला बदलून देऊ शकतो. खरा फरक पडतो तो मात्र चकतीच्या खाली. पॅड धरून ठेवणारी जुन्या पद्धतीची बॅकिंग प्लेट जाड व मऊ आणि तिच्यावरचा फोमचाही पॅड जाड, अशी जोडी असली, म्हणजे चकतीची कक्षा आधीच लहान असल्याने तिची निम्मीअधिक हालचाल त्या मऊपणातच मुरते, आणि रंगापर्यंत पोचते ती केवळ थरथर. यास्तव वेल्क्रोची, घट्ट पण कडेला लवचीक अशी प्लेट बसवावी व तिच्यावर पातळ पॅड लावावा. ओरखडे काढण्यासाठी मायक्रोफायबरचा किंवा घट्ट फोमचा, आणि शेवटच्या फेरीसाठी मऊ फोमचा. दोन्ही चकत्यांवरचे पॅड एकाच जातीचे आणि एकाच वेळी वापरात आणलेले असले पाहिजेत, ही बाब क्षुल्लक वाटते पण तिच्याकडे काणाडोळा करू नये. एक कोरडा व एक पॉलिशने भिजून जड झालेला पॅड लावला, की ज्या समतोलासाठी हे यंत्र घेतले तोच बिघडतो. जुन्या यंत्राला एकच वेग असे, पुढे वेग कमीजास्त करता येणारी आवृत्ती निघाली, आणि निवड करणे शक्य असेल तर तीच घ्यावी, कारण मऊ रंगावर शेवटचा हात सावकाश फिरवण्याची मुभा फार मोलाची असते. अमेरिकेतून ११५ व्होल्टचे यंत्र आणवणाऱ्याने येथे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरची तजवीज आधी करावी. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ते थेट जोडणे म्हणजे मोटार जाळणे होय.

प्रत्यक्ष काम कसे चालावे, ते एका काळ्या बॉनेटच्या उदाहरणाने सांगतो. गाडी सावलीत उभी करून, पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबून, ती धुवावी. क्ले बार, म्हणजे मऊ चिकणमातीसारखी वडी, फिरवून चिकटलेला डांबराचा व धुळीचा अंश काढावा. कडा, रबर आणि काळे प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावावी. मग जाडी मोजण्याचे यंत्र ठिकठिकाणी टेकवून आकडे घ्यावेत, आणि दोन फूट लांबीरुंदीचा एक चौकोन चाचणीसाठी निवडून त्यावर सर्वांत मऊ पॅड व सर्वांत सौम्य पॉलिश यांनीच आरंभ करावा. प्रत्येक पॅडवर दोनतीन थेंब, यंत्र पत्र्यावर टेकवल्यानंतरच सुरू, आणि हाताची चाल सेकंदाला इंच-दीड इंच : प्रथम उभे पट्टे, मग आडवे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला. जाणता कारागीर बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवतो. ती रेघ फिरताना दिसली तर चकती मोकळी आहे, जागीच थबकली तर दाब जास्त आहे किंवा यंत्र तिरपे झाले आहे. पाचसहा फेऱ्यांनंतर पॉलिशचा दुधाळ थर पारदर्शक होत जातो, तेव्हा थांबून प्रत्येक पॅड ब्रशने स्वच्छ करावा, नाही तर खरवडून निघालेला रंग व सुकलेले पॉलिश पॅडमध्येच साचून नवे ओरखडे पाडतात. यानंतर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चौकोन पुसून बॅटरीच्या प्रकाशात पाहावा. हे पुसणे टाळू नये; पॉलिशमधील तेल रेघांत भरून त्या गेल्याचा आभास निर्माण करते, आणि दोन धुलायांनंतर मालकाला त्याच रेघा पुन्हा दिसतात. सौम्य जोडीने भागले नाही तरच पुढच्या कडक पॅडकडे वळावे.

या यंत्राच्या मर्यादाही आहेत. शेजारीशेजारी दोन चकत्या असल्याने ते बॉनेट, टप, डिकी व दरवाजांचे सपाट भाग यांवरच शोभते. दारांच्या मुठींभोवती, आरशांवर आणि खिडक्यांमधल्या अरुंद खांबांवर ते शिरत नाही, आणि खोलगट वळणावर एकच चकती टेकून दुसरी अधांतरी राहते. अशा जागी तीन इंची लहान यंत्र किंवा नुसता हात वापरावा. ज्या रेघेत नख अडकते तिच्या मागेही लागू नये. तिच्या तळाशी पोचण्यापूर्वीच क्लिअर कोट संपलेला असेल.

या पद्धतीविरुद्ध मुख्य आक्षेप वेळेचा आहे, आणि तो खरा आहे. बफिंग यंत्र जे दोन तासांत करते त्यासाठी येथे अख्खा दिवस लागतो, आणि गॅरेजचालकाला जागेचे भाडे व मजुरी चुकवायची असते. परंतु हा जमाखर्च मांडताना ज्या हातांनी ते यंत्र धरलेले असते त्यांची नोंद कोठेही होत नाही, याचे मला मनस्वी दुःख वाटते. दिवसभर, महिनोनमहिने कंपणारे हत्यार धरणाऱ्या माणसाच्या बोटांतील रक्तवाहिन्या व ज्ञानतंतू निकामी होत जातात, बोटे थंडीत पांढरी पडतात, मुंग्या येतात, पुढे सदऱ्याचे बटण लावणेही जड जाते. आणि हे नुकसान वाढले, की भरून येत नाही. युरोपीय संघाने २००२ सालच्या निर्देशात, हाताला पोचणाऱ्या कंपनाची आठ तासांची सरासरी सेकंद-वर्गाला २.५ मीटर ओलांडू लागली की मालकाने उपाययोजना केलीच पाहिजे, आणि ५ मीटर ही मर्यादा ओलांडता कामा नये, असा दंडक घालून दिला. आपल्याकडील गॅरेजांत काम करणारी पोरे तर हातमोज्यांवाचून, तोंडाला रुमालही न बांधता, उडणारी पॉलिशची धूळ खात उभी असतात. समतोल राखणारे यंत्र, ताजे बेअरिंग आणि बरोबरीचे दोन पॅड ही त्यांच्या दृष्टीने चैनीची बाब नाही, आणि दर ठरवताना तिचा खर्च ग्राहकाने आनंदाने सोसला पाहिजे.

ग्राहकाकडून आणखीही एका गोष्टीची अपेक्षा आहे. दर वर्षी रबिंगचा हट्ट धरण्याऐवजी त्याने गाडी धुणाऱ्याला दोन बादल्या, भरपूर पाणी व स्वच्छ मायक्रोफायबर द्यावे, सुके फडके फिरवू नये असे बजावावे, आणि यंत्र लावण्याची वेळ आलीच तर कामापूर्वीचे व कामानंतरचे जाडीचे आकडे, बॉनेट, टप, डिकी व प्रत्येक दरवाजा यांच्या नावानिशी, बिलावर लिहून मागावेत. हे मोजमाप दहापंधरा मिनिटांचे काम आहे. त्या कागदाच्या आधाराने पुढे कोणत्याही गावचा कारागीर सांगू शकेल, की या टपावर आता कंपाऊंड लावायचे नाही, की त्या दरवाजावर पूर्वी रंगकाम झालेले आहे. नेहमीचे मोजयंत्र पोलादी व ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरच चालते. बंपर प्लास्टिकचे असल्याने तेथे ते आकडा दाखवत नाही, म्हणून बंपरवर मऊ पॅडच्या एका फेरीपलीकडे जाण्याची परवानगी मालकाने देऊ नये.