आधीची तरतूद, नंतरचे सांत्वन

बँकेच्या हिशेबात ‘तरतूद’ नावाची एक चीज असते. कर्ज अजून बुडालेले नसते, पण लक्षणे बरी दिसत नाहीत. अशा वेळी नफ्यातला काही भाग आधीच बाजूला काढून ठेवायचा. १९९२ नंतर रिझर्व्ह बँकेने याचे नियम कडक केले, तेव्हा शाखाशाखांतून कुरकुर झाली. नफा कमी दिसतो ना! पण त्या तरतुदीनेच पुढे बँकांना सावरले.

राज्यकारभाराच्या वहीत मात्र हा रकाना बराच काळ कोराच होता. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने दोन निधी सांगितले: एक संकट आल्यावर मदतीचा, दुसरा संकटाची धार आधीच बोथट करण्याचा. राष्ट्रीय पातळीवर हा दुसरा निधी यायला २०२१ साल उजाडले. पंधराव्या वित्त आयोगाने वाटणी केली तीही बोलकी आहे. रुपयातले ८० पैसे नंतरच्या मदतीला आणि २० पैसे आधीच्या बंदोबस्ताला.

यामागचे राजकारण समजायला फार हुशारी लागत नाही. मदतीच्या धनादेशाचा फोटो छापून येतो. न कोसळलेल्या दरडीचा फोटो कोण छापणार? वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हेच ठाऊक नसते, मग तो मत कशाला देईल?

आपल्या सह्याद्रीतच पाहा. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले, १५० हून अधिक माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. २७ मृतदेह हाती आले, ५७ जणांचा पत्ताच लागला नाही. ठाकर समाजाची ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले.

यादी म्हणजे नुसता कागद नव्हे. नाव लागले की सरकारवर जबाबदारी येते: जागा शोधा, वनखात्याची परवानगी आणा, घरे बांधा. ऐपत नाही असे म्हणता येणार नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याच महाराष्ट्राने पन्नासएक गावे नव्या जागी वसवली. फक्त आधी हजारोंचे प्राण जावे लागले.

गावकरीही सहजी उठत नाहीत हे खरे. शेत, गुरांचा चारा, देऊळ सोडून कोण जाईल? म्हणून तर त्यांना विचारायला हवे, आणि पाऊस डोक्यावर येण्याआधी विचारायला हवे.

माझी मागणी साधी आहे. दरवर्षी मे महिन्यात ही यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. कोणते गाव घेतले, कोणते वगळले, का वगळले आणि त्या वीस पैशांचे काय झाले, हे सांगावे. वगळणाऱ्या अधिकाऱ्याची खाली सही असावी. बँकेत साध्या चेकवरही सही लागते. इथे तर माणसांचा प्रश्न आहे.